दारू आणि नैराश्य: रक्ततपासणीच्या पॅकेजांचं चाचणीनिहाय परीक्षण

घरी येऊन रक्त नेणाऱ्या बहुतेक लॅबच्या यादीत आता दोन पॅकेजं हमखास दिसतात. एक ‘अल्कोहोल प्रोफाइल’ किंवा ‘लिव्हर केअर’ अशा नावाचं आणि दुसरं ‘स्ट्रेस’, ‘मूड’ नाहीतर ‘मेंटल वेलनेस’ अशा नावाचं. ज्या घरात माणूस पितोही आणि आतून खचलेलाही आहे, तिथली मंडळी बऱ्याचदा दोन्ही एकदम बुक करतात आणि रिपोर्ट हातात आल्यावर विचारतात, “म्हणजे नक्की झालंय काय?” हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही. पॅकेजच्या आत जो माल भरलेला असतो, त्याचं आहे.

आधी जाहिरातीत झळकणाऱ्या ‘८५ चाचण्या’ अशा आकड्याबद्दल. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, एक बाटली यंत्रात घातली की वीसएक आकडे बाहेर पडतात आणि जाहिरातीत तो प्रत्येक आकडा स्वतंत्र चाचणी म्हणून मोजला जातो. एलएफटीमधलं, म्हणजे यकृताच्या चाचण्यांमधलं, इनडायरेक्ट बिलिरुबिन, ग्लोब्युलिन, ए/जी रेशो ही निव्वळ वजाबाकी-भागाकाराची फळं. लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉलच्या चाचणीतलं व्हीएलडीएल आणि खालची गुणोत्तरं, तीही तशीच. हे सगळं वगळलं की यादी भराभर आटते. गंमत म्हणजे एवढ्या लांबलचक यादीत कधीकधी जीजीटी (गामा जीटी, यकृतातलं एक एन्झाइम) नसतं, कारण काही लॅबच्या साध्या एलएफटीत ते धरलेलंच नसतं. दारूसाठी पॅकेज घेत असाल तर ‘गामा जीटी’ हे दोन शब्द यादीत आहेत ना, हे सगळ्यात आधी पाहावं. नसतील तर त्या ८५ चाचण्यांचं कौतुक नको.

जीजीटी स्वस्त आहे, सगळीकडे होतं आणि उपयोगी आहे, पण साक्षीदार म्हणून थोडं चंचल. आठवड्यांमागून आठवडे जास्त पिणाऱ्याचं ते चढतं आणि दारू पूर्ण थांबली की साधारण २ ते ६ आठवड्यांत उतरतं. पण चढायला त्याला फक्त दारूच लागते असं नाही. फॅटी लिव्हर, मधुमेह, वाढलेलं पोट, पित्तनलिकेतला खडा, फिटसाठी चालू असलेलं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन, यांतलं काहीही पुरतं. उलट तिशीच्या आतल्या माणसात भरपूर पिऊनही जीजीटी नॉर्मल राहू शकतं. म्हणून एकच जीजीटी पाहून “हा पितोच” किंवा “हा पीतच नाही” असं म्हणणं चूक. त्याची खरी किंमत दुसऱ्या रिपोर्टात कळते. त्याच माणसाचं, त्याच लॅबमधलं जीजीटी महिन्याभराने निम्म्यावर आलं, तर तो सांगतोय त्याला रक्ताची साथ आहे. उतरलेलं पुन्हा वर गेलं, तर शांतपणे विचारायला हरकत नाही.

एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृताच्या एन्झाइमांच्या जोडीत आकड्यांपेक्षा त्यांचं एकमेकांशी प्रमाण जास्त बोलतं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुधा एसजीपीटी वरचढ असतं. दारूने सुजलेल्या यकृतात एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसतं. याचं एक कारण म्हणजे पिणाऱ्याच्या अंगात बी६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि एसजीपीटीला त्याची गरज जास्त असते, म्हणून ते मागे राहतं. दारूच्या हिपॅटायटिसमध्येही हे आकडे क्वचितच ३००-४०० च्या वर जातात. रिपोर्टात हजार-दोन हजार दिसले तर दारूवर खापर फोडून मोकळं होऊ नये. कावीळ देणारे विषाणू, पॅरासिटामॉलचा जास्त डोस किंवा दुसरं कुठलं औषध यांचा शोध त्याच दिवशी घ्यावा लागतो. नैराश्य असलेल्या माणसाला तर पॅरासिटामॉलच्या गोळ्या जाणूनबुजून जास्त घेतल्या का, हे मुद्दाम आणि स्पष्ट शब्दांत विचारावं.

एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान, सीबीसीत फुकटात मिळतं. त्याची नॉर्मल पट्टी ८० ते १०० फेम्टोलिटर. सतत पिणाऱ्याचा आकडा शंभरी ओलांडू शकतो आणि दारू सुटल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतो, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी हळूहळूच संपतात. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या माणसाला “एमसीव्ही अजून वरच आहे” म्हणून खोटं पाडणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे यात आणखी एक गुंता होतो. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि तिनेही एमसीव्ही वाढतं. याउलट लोह कमी असेल किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एमसीव्ही खाली ओढलं जातं. दोन्ही एकत्र आले की सरासरी ९० वर येऊन बसते आणि रिपोर्ट निरागस दिसतो. अशा वेळी शेजारच्या आरडीडब्ल्यूकडे, म्हणजे पेशींच्या आकारातल्या फरकाच्या मापाकडे पाहावं. ते वाढलेलं असेल तर लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे, म्हणजे सरासरी फसवी आहे.

बी१२ चंही तसंच. यकृत बिघडलेलं असताना रक्तातलं बी१२ खोटं जास्त येऊ शकतं. ‘बी१२ १२००’ असा आकडा पिणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात दिसला तर तो आनंदाचा नसून यकृताकडे बघायला सांगणारा असू शकतो.

आता महाग चाचण्या. सीडीटी म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचं साखरेच्या साखळ्या कमी असलेलं रूप. रोज ५० ते ८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल दोनेक आठवडे पोटात गेलं की त्याचं प्रमाण वाढतं. घरच्या हिशेबात सांगायचं तर ६० मिलीच्या पेगमध्ये १९ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे रोजचे तीन-चार मोठे पेग. दारू थांबली की सीडीटी साधारण १४ दिवसांत निम्मं होतं. जीजीटीपेक्षा ते दारूशी जास्त इमानी आहे, कारण मधुमेह किंवा फिटच्या गोळ्या त्याला सहसा फसवत नाहीत. पण गरोदरपणात ते वाढतं, बायकांमध्ये ते कमी पकडतं, यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या आजारात डळमळतं आणि काही जणांच्या जन्मजात वेगळ्या ट्रान्सफेरिनमुळे उगाच जास्त दिसतं. विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: कुठल्या पद्धतीने करता? एचपीएलसी या घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीत आलेख दिसतो आणि जन्मजात वेगळेपण डोळ्यांना कळतं. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणानुसार तिथे सीमा १.७ टक्के. इतर पद्धतींची सीमा वेगळी असते, म्हणून एका लॅबचं १.९ आणि दुसऱ्या लॅबचं २.३ शेजारी ठेवून तुलना करू नये. फिनलंडच्या संशोधकांनी जीजीटी आणि सीडीटी एका सूत्रात बांधलं आहे: ०.८ गुणिले जीजीटीचा नैसर्गिक लॉग, अधिक १.३ गुणिले सीडीटी टक्क्यांचा नैसर्गिक लॉग. दोन्हींपैकी एकापेक्षा ही जोडी जास्त जणांना पकडते. पैसे मर्यादित असतील तर हा संच पुरेसा आहे.

पेथ, म्हणजे फॉस्फॅटिडिल-इथॅनॉल, ही या यादीतली सगळ्यात सरळ बोलणारी चाचणी. रक्तात अल्कोहोल असतानाच लाल पेशींच्या आवरणात हा रेणू तयार होतो, दारूविना तो बनत नाही. त्यामुळे मधुमेह, फॅटी लिव्हर, वजन यांची सबब इथे चालत नाही. त्याचं अर्धआयुष्य साधारण ४ ते १० दिवस आणि मागचे २ ते ४ आठवडे त्यात दिसतात. सीमा अशा धरतात: २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली म्हणजे दारू नाही किंवा नगण्य, २०० च्या वर म्हणजे सतत आणि भरपूर. मधला पट्टा मोठा आहे आणि तिथे माणसाशी बोलावंच लागतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याची दारू रिपोर्टात उतरू शकते, हेही ध्यानात ठेवावं. ही चाचणी मास स्पेक्ट्रोमीटरवर होते, म्हणून नमुना बहुधा दूरच्या मोठ्या लॅबला जातो. सगळीकडे ती मिळत नाही आणि खिशाला जड आहे. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीसाठी, न्यायालयीन प्रकरणासाठी किंवा रुग्ण खरं सांगतोय पण कुणी विश्वास ठेवत नाही अशा वेळी पैसे वसूल. नवऱ्याला रंगेहाथ पकडण्यासाठी नाही.

‘मूड’ पॅकेजवर कडक बोलणं भाग आहे. नैराश्याचं निदान करणारी एकही रक्तचाचणी आज दवाखान्यात वापरात नाही. एक काळ होता जेव्हा ती सापडली असं वाटलं होतं. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरॉल यांनी डेक्सामेथासोन चाचणी प्रमाणित करून मांडली. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची १ मिलिग्रॅम गोळी द्यायची, जी एरवी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन दाबते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ला आणि रात्री ११ ला कॉर्टिसॉल मोजायचं. ते ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर तीव्र नैराश्याची शक्यता. पुढे कळलं की वजन घटणं, इतर मानसिक आजार, वय अशा अनेक गोष्टींनी ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते, आणि दारू सुटतानाच्या काळात तर बऱ्याचदा येते. भरपूर पिणाऱ्यांत कॉर्टिसॉल इतकं वाढू शकतं की कुशिंग आजाराचा भास व्हावा. म्हणजे जिथे नैराश्य आणि दारू एकत्र आहेत, नेमकी तिथेच ही चाचणी निकामी. पॅकेजमधलं सकाळचं एकटं कॉर्टिसॉल तर त्याहून कमी सांगतं. झोप मोडलेली, सुई टोचण्याची भीती, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांनी ते हलतं.

एचएस-सीआरपी या अंगातला दाह (सूज) मोजणाऱ्या चाचणीमागे थोडं शास्त्र आहे. नैराश्याच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत ते ३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आढळतं. २०१३ मध्ये ६० रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात दाहविरोधी इन्फ्लिक्सिमॅब दिलं, तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांच्यातच तशी चिन्हं दिसली. संशोधकांसाठी ही मोलाची वाट आहे, पण घरच्या पॅकेजसाठी नाही. सिगारेट, लठ्ठपणा, हिरड्यांची सूज, सर्दी आणि खुद्द दारू, सगळेच सीआरपी वाढवतात. मग वाढलेल्या आकड्याचा धनी कोण?

बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना जगवणारं एक प्रथिन) नावाची चाचणी काही ठिकाणी ‘मेंदूच्या ताकदीची’ म्हणून खपवली जाते. तिच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट कुणी सांगत नाही. सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं) बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमधून येतं, रक्त गोठताना प्लेटलेट ते सोडतात. सतत पिणाऱ्याच्या प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असणं नित्याचं आहे. मग कमी आलेलं बीडीएनएफ मेंदूबद्दल बोलतंय की प्लेटलेटबद्दल? बाटली गोठायला अर्धा तास ठेवली की दोन तास, यानेही आकडा बदलतो. पाचपैकी शून्य.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी भरून काढावं. पण ५० वर्षांवरच्या १८,३५३ लोकांना रोज २००० युनिट डी३ किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन केलेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत नैराश्य टाळण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. हा अहवाल २०२० चा. ‘मूड’ पॅकेजात खरोखर कामाचं एकच आहे, थायरॉइडची टीएसएच चाचणी. थायरॉइड मंद असेल तर माणूस सुस्त आणि उदास होतो आणि वर एमसीव्हीही वाढतं. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी येतं. अशा गोळ्या रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसं सांगावं.

रक्त कधी द्यायचं, याबद्दल पॅकेजच्या पानावर अक्षरही नसतं, आणि खरा घोळ तिथेच आहे. १९८८ मध्ये ब्राउन आणि शुकिट यांनी दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांचं नैराश्य आठवड्यागणिक मोजलं. दाखल होताना ४२ टक्के जण लक्षणीय उदास होते, चार आठवडे दारूविना गेल्यावर ६ टक्के उरले. यात कुठली वेगळी गोळी नव्हती, दारू थांबली होती एवढंच. म्हणून पिणं चालू असताना किंवा सुटल्याच्या पहिल्या आठवड्यात काढलेलं ‘मूड’ पॅकेज हे दारूचंच चित्र असतं. पहिली भेट झाली की सीबीसी, जीजीटीसह एलएफटी, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, साखर आणि टीएसएच एवढं करावं. चार आठवड्यांनी जीजीटी, सीबीसी आणि हवं तर सीडीटी. तेव्हाही मन तितकंच बुडालेलं असेल तर नैराश्य स्वतःच्या पायावर उभं आहे असं मानून उपचाराची दिशा ठरते. आत्महत्येचे विचार असतील, किंवा दारू सुरू होण्याच्या आधीपासून नैराश्याचे झटके येत असतील, तर चार आठवडे थांबायचं नसतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

चाचणी ‘स्वच्छ’ यावी म्हणून रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडणं हा सगळ्यात धोकादायक मूर्खपणा. शेवटच्या पेगनंतर ६ तासांपासून थरथर सुरू होते, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, घाम, ताप असलेली प्राणघातक अवस्था येऊ शकते. मॅग्नेशियम कमी असेल तर धोका वाढतो, म्हणून ते वरच्या यादीत आहे. आणि अशक्तपणा वाटतोय म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी१ चं इंजेक्शन गेलं पाहिजे. बी१ संपलेल्या मेंदूला नुसतं ग्लुकोज मिळालं की वर्निकेचा आजार भडकू शकतो: डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, गोंधळ उडतो. रक्तातलं थायमिन मोजण्याची चाचणी मिळते, पण तिच्या रिपोर्टची वाट पाहत इंजेक्शन लांबवू नये.

घरी रक्त काढण्याच्या सेवेत चुका ठरलेल्या जागी होतात. क्रम असा हवा: आधी पिवळ्या टोपणाची सीरमची बाटली, मग जांभळ्या टोपणाची ईडीटीएची, शेवटी राखाडी फ्लुओराइडची. जांभळी आधी भरली आणि तिचा अंश पिवळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खोटं घसरतं. दंडाचा पट्टा मिनिटाच्या वर बांधून ठेवला, किंवा सिरिंजने जोरात ओढून रक्त बाटलीत दाबलं, तर लाल पेशी फुटतात आणि एसजीओटी व पोटॅशियम वाढतं. मग वर सांगितलेलं दुपटीचं प्रमाण निव्वळ पेशी फुटल्यामुळेही दिसू शकतं. रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ शब्द आहे का, पाहावं. सीबीसीची बाटली सकाळी भरून दुसऱ्या दिवशी यंत्रावर गेली तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही वाढतं. तालुक्याच्या गावातून शहरात जाणाऱ्या नमुन्यांचं हे नेहमीचं दुखणं. रिपोर्टवर ‘नमुना घेतला’ आणि ‘नमुना पोचला’ या दोन वेळा छापलेल्या असतात, त्यातलं अंतर मोजावं. पेथ किंवा रक्तातलं अल्कोहोल मोजायचं असेल तर स्पिरिटच्या बोळ्याऐवजी अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने कातडी पुसायला सांगावं.

लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेच्या शिक्क्याबद्दल एक खुलासा. मान्यता लॅबला सरसकट नसून चाचणीवार असते. मान्यतेबाहेरच्या चाचणीपुढे रिपोर्टात चांदणी किंवा तळटीप असते. बीडीएनएफ, सीडीटी यांच्यापुढे ती आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारलेलं बरं.

औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरला लागणाऱ्या काही साध्या चाचण्या मात्र या पॅकेजांत बऱ्याचदा गाळलेल्या असतात किंवा लागतात त्या वेळी होत नाहीत. दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट किडनीतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन हवं. क्लिअरन्स (त्यावरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग, मिली प्रति मिनिट) ३० च्या खाली असेल तर ते देतच नाहीत, ३० ते ५० मध्ये डोस कमी करतात. प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम क्वचित यकृताला जबर इजा करतं, म्हणून सुरुवातीला आणि दोनेक आठवड्यांनी एलएफटी. ते उदासीही वाढवू शकतं. नैराश्याच्या गोळ्यांपैकी ड्युलॉक्सेटिन भरपूर पिणाऱ्याला टाळतात. ॲगोमेलाटिन असेल तर सुरुवातीला आणि मग ३, ६, १२, २४ आठवड्यांनी एलएफटी ठरलेलं. एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळ्यांमुळे सोडियम घसरू शकतं आणि नुसत्या बिअरवर जगणाऱ्याचं ते आधीच कमी असू शकतं. मोठ्या पॅकेजात तीन-चार प्रकारचं कोलेस्टेरॉल असतं, सोडियम मात्र कधीकधी नसतं.

गोव्यात ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत रुग्ण निवडले ते ऑडिट (दारूच्या सवयीची) आणि पीएचक्यू-९ (नैराश्याची) या प्रश्नावल्यांवरून. ऑडिटमध्ये १० प्रश्न आणि गुण ४० पर्यंत, ८ पासून पुढे सावध आणि २० पासून पुढे व्यसनाची दाट शक्यता. पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न आणि गुण २७ पर्यंत, १० पासून पुढे तज्ज्ञाला दाखवायचं. दोन्ही फुकट, पंधरा मिनिटांचं काम. पीएचक्यूच्या नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नाचं उत्तर शून्याखेरीज काहीही असेल, तर त्या दिवशीच्या रक्ताच्या बाटल्या बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलावं लागतं.

शेवटी बुकिंग करताना मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा, हेही ठरवून घ्यावं. रिपोर्ट त्याच नंबरच्या व्हॉट्सॲपवर पडतो. मुलाने स्वतःचा नंबर दिला तर बापाचं जीजीटी आधी मुलगा वाचतो, आणि त्या रात्री घरात काय होतं ते कुठल्याच प्रोफाइलमध्ये येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला आपल्या आजाराच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ज्याचं रक्त, त्याचा नंबर टाकावा.